मोजणारा वेगळा, हिशेबनीस वेगळा

माझ्या एका विद्यार्थ्यानं एकाच बेरजेचे दोन प्रोग्रॅम लिहून आणले. आकड्यांचा भला मोठा तक्ता. एकात बेरीज आडव्या ओळींनी, दुसऱ्यात उभ्या रकान्यांनी. उत्तर तेच, पण दुसऱ्याला वेळ कितीतरी जास्त. "सर, काम तर दोघं सारखंच करतात!" तो म्हणाला. आता घड्याळ वेळ किती लागला ते सांगतं, का लागला ते सांगत नाही.

ते सांगणारे काउंटर प्रोसेसरच्या पोटातच असतात. इंटेलच्या १९९३ सालच्या पेंटियममध्ये असे दोन होते. किती सूचना पार पडल्या, हवा तो आकडा हाताशी असलेल्या कॅश-स्मृतीत किती वेळा सापडला नाही, अशा घटना ते मोजतात. आमच्या दोन प्रोग्रॅमांत सूचना जवळजवळ सारख्याच. कॅशमधली चुकामूक मात्र उभ्या बेरजेत कितीतरी अधिक!

पण काउंटर बिचारा आंधळा. काम कुणाचं चाललं आहे, हे त्याला ठाऊक नसतं. एका खोलीत आळीपाळीनं राहणारे चार भाडेकरू आणि विजेचं मीटर एकच, तशी ही गोष्ट. कोणी गेलं-आलं की आकडा टिपून ठेवणारा घरमालक हवा. तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. एक प्रोग्रॅम थांबवून दुसरा घेताना ती पहिल्याची मोजणी बाजूला ठेवते आणि त्याची पाळी आली की तिथून पुढं मोजते. लिनक्समध्ये ही व्यवस्था २००९ साली आली. तिचं हत्यार म्हणजे 'पर्फ'.

खरी अडचण पुढंच आहे. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत हवी ती घटना लावता येईल असे काउंटर चारच. त्यातून संगणक अडकून पडला की काय, हे पाहणारा लिनक्सचा पहारेकरीही एखादा काउंटर अडवून बसतो. मग आपण बारा घटना मागितल्या, तर ऑपरेटिंग सिस्टीम पाळ्या लावते. एखादी घटना पाव वेळच मोजली गेली, तर आलेला आकडा पर्फ चारानं गुणून आपल्या हाती देतो. म्हणजे ही मोजणी नव्हे, अंदाज! प्रोग्रॅमची चाल एकसारखी असेल तर तो ठीक. मधूनच उसळी घेणारा असेल तर साफ फसवतो. किती टक्के वेळ मोजलं, ते पर्फ शेजारी कंसात छापतो. पण मुलं तिकडं बघत नाहीत, ही माझी जुनी तक्रार.

आमच्या या गृहस्थानंही पहिल्यांदा बारा घटना मागितल्या होत्या, आणि दर खेपेला आकडे निराळे येत होते. मग दोनच ठेवल्या. कंसातली टक्केवारी गेली आणि आकडे जागेवर आले.