बियांपासून अंजीर

अंजीर खाताना दाताखाली जे बारीक कण कुरकुरतात त्यांना आपण बिया म्हणतो. एका फळात ते शेकड्यांनी असतात. त्यांतील काही कुंडीत पेरून घरीच झाड वाढवावे, असा मोह बागेची आवड असणाऱ्यास सहज होतो. बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या हेब्बाळात तर तो विशेष होतो. १९४६ साली येथे कृषी महाविद्यालय सुरू झाले, १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि सुमारे नऊशे मीटर उंचीवरील सौम्य हवा अंजिरास मानवते. परंतु पुरंदरचे ताजे अंजीर आणून त्यातील बी कितीही जपून पेरले तरी ते उगवत नाही. यात पेरणाऱ्याचा दोष नसतो.

ज्याला आपण अंजिराचे फळ म्हणतो ती वस्तुतः आतल्या बाजूस फुललेली, चोहोबाजूंनी मिटलेली फुलांची पिशवी होय. तिच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून एक चिमुकला कीटक आत शिरतो व परागकण पोहोचवतो, तेव्हाच बी भरते. हा कीटक नर-झाडावरील फळांत वाढतो. पुणे जातीच्या अंजिराला त्याची गरज नाही. परागसिंचनावाचूनच त्याचे फळ पिकते. दक्षिण भारतात हा कीटक नांदत नसल्यामुळे त्या फळातील कण म्हणजे रिकामी टरफले असतात. याउलट तुर्कस्तानातील स्मर्ना जातीचे अंजीर परागसिंचनाविना गळून पडते. कॅलिफोर्नियात ही झाडे लावून बागाईतदार वर्षानुवर्षे फळाची वाट पाहत राहिले. १८९९ मध्ये तेथे कीटक रुजवला गेला, तेव्हा कोठे फळे टिकू लागली. म्हणून स्मर्ना जातीच्या सुक्या अंजिरात, ते उकळलेले वा फार तापवलेले नसेल तर, जिवंत बी सापडू शकते.

असे अंजीर पाण्यात भिजवून कुसकरावे. तरंगणारे कण टाकून द्यावेत, तळाशी बसणारे घ्यावेत. बारीक वाळू व चाळलेले पानखत यांच्या मिश्रणावर ते नुसते भुरभुरावेत. वर मातीचा थर देऊ नये. झारीच्या धारेने बी वाहून जाते, यास्तव कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून ओल खालून चढू द्यावी आणि वर काच झाकावी. ऊब असल्यास दोन ते चार आठवड्यांत मोहरीएवढी पाने दिसू लागतात. रोपे बुरशीने एका रात्रीत माना टाकतात. त्यासाठी काच रोज थोडा वेळ काढणे आवश्यक आहे.

रोप आले म्हणजे फळ आले असे मात्र नव्हे. साधारणतः निम्मी रोपे नर निघतात आणि त्यांची फळे खाण्याजोगी नसतात. मादी रोपांपैकी ज्यांना आईचा स्वभाव लाभतो ती कीटकाविना फळे गाळतात. हे कळावयास काही वर्षे जातात. फळासाठीच झाड हवे असेल त्याने फाटा लावावा. पुरंदरची लागवड अशीच झाली असून तेथील अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र फाट्याचे झाड ही मूळ झाडाचीच प्रत असते. तांबेरा रोगास एक बळी पडते तेथे सारी पडतात. नवी जात हवी तर बियांकडेच वळावे लागते. कॅलिफोर्नियात इरा कॉन्डिट यांनी अॅड्रिअॅटिक जातीला नर-झाडाचे पराग देऊन मिळवलेली ‘कोनाड्रिया’ ही जात मुळात एक रोपच होती. कुंडीतले रोप अशी जात ठरण्याचा संभव फार थोडा, पण तो फाट्यात मुळीच नाही.

केवळ बी उगवल्याचे समाधान पुरेसे असेल त्याने उंबर घ्यावा. पिकले उंबर फोडले की किडे निघतात, हे खेड्यातल्या मुलालाही ठाऊक असते. तेच त्याचे परागवाहक. हेब्बाळपासून काही किलोमीटरवर असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबर आणि त्यातील कीटकांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. उंबराच्या प्रत्येक झाडावर दोन्ही प्रकारची फुले असल्याने नर-मादीचा प्रश्न उद्भवत नाही. पेरण्याची रीत वरीलप्रमाणेच. फळ मात्र झाडाखालचे पूर्ण पिकलेले घ्यावे. एक सावधगिरी हवी. उरलेले बी गच्चीच्या नळीत ओतू नये, कारण भिंतीच्या फटीत रुजलेला उंबर उपटताना वरचा भाग तुटून हाती येतो आणि मूळ आतच राहते.