पवित्र पोर्टल की संस्थेचे दार? आधी जागा कोणती ते ओळखा

मागच्या महिन्यात शेंदूरजनाघाटातले एक ओळखीचे गृहस्थ आमच्याकडे आले. संत्र्याच्या कलमांचा छोटा धंदा, त्यावरच मुलीला बी.एड.पर्यंत शिकवलं. म्हणाले, "सर, पोरीनं कॉम्प्युटरवर फार्म भरला. पण नुसता फार्म भरून नोकरी कोण देते? एका संस्थेत बोलणं चालू आहे, ते रक्कम मागतात. देऊ का?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. उर्दू माध्यमात डी.एड., बी.एड. झालेल्या मुलामुलींच्या जवळजवळ प्रत्येक घरात तो आहे. कोणी म्हणतं, सगळं ऑनलाइन झालं, आता कोणाला भेटून उपयोग नाही. कोणी म्हणतं, पोर्टल नावालाच आहे, काम ओळखीनेच होतं. आमच्या मते दोघेही अर्धंच बोलतात. काही जागा पोर्टलवरूनच मिळतात, काही जागा पोर्टलवर कधी येतच नाहीत. पोर्टलची जागा संस्थेच्या दारात मागू नये आणि दारातली जागा पोर्टलवर शोधत बसू नये.

पोर्टल का आले?

पूर्वी खाजगी अनुदानित शाळेत जागा निघाली की पेपरात 'शिक्षक पाहिजेत' अशी जाहिरात यायची आणि निवड संस्थाचालक करायचे. पगार सरकारचा, निवड संस्थेची. त्यात 'डोनेशन' शिरले, हे सर्वांनाच ठाऊक आहे. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने भरतीवर बंदी आली. पुढे २०१७ मध्ये सरकारने पवित्र पोर्टल आणले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिली शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, घेतली. दुसरी टेट २०२३ मध्ये झाली, तिसरी २०२५ मध्ये.

दुसऱ्या टेटनंतर पोर्टलवर २१,६७८ पदांच्या जाहिराती आल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलाखतीशिवायच्या पदांसाठी ११,०८५ उमेदवारांची शिफारस झाली. या जागांसाठी कोणत्याही संस्थाचालकाची पायरी चढावी लागली नाही. म्हणून 'पोर्टल नावालाच आहे' हे म्हणणे खरे नाही. मात्र दोन टेटमध्ये पाच वर्षांहून जास्त अंतर पडले, हेही तेवढेच खरे. नुसते पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्यांची उमेदीची वर्षे त्यात गेली.

कोणती जागा कुठे?

इथे आपल्या लोकांची एक मोठी चूक होते. उर्दू शाळा म्हणजे अल्पसंख्याक शाळा, असे आपण धरून चालतो. माध्यम वेगळे आणि दर्जा वेगळा.

• जिल्हा परिषद, नगर परिषद, महानगरपालिका यांच्या उर्दू शाळा सरकारी आहेत. इथली भरती पोर्टलवरूनच होते. अध्यक्ष, सदस्य, पुढारी कोणीही 'लावून देतो' म्हणाला तर ती फसवणूक समजा.

• खाजगी अनुदानित शाळा, पण संस्थेला अल्पसंख्याक दर्जा नाही. हीसुद्धा पोर्टलवर. काही संस्था मुलाखतीशिवाय उमेदवार घेतात, काही 'मुलाखतीसह' हा पर्याय निवडतात. त्यातही मुलाखतीला कोणाला बोलवायचे ती यादी पोर्टलच देते.

• अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्था. राज्यघटनेच्या कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला आहे. त्यामुळे या संस्था स्वतः जाहिरात देतात, मुलाखत घेतात आणि शिक्षक निवडतात. इथे थेट संपर्क हाच रस्ता आहे.

• विनाअनुदानित व इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा, शिकवणी वर्ग. पगार संस्था देते, म्हणून बोलणेही संस्थेशीच.

पोर्टलचा रस्ता

पहिली ते आठवीसाठी आधी टीईटी हवी. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, मुले इथेही गोंधळतात. टीईटीचा पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. खुल्या प्रवर्गाला १५० पैकी ९० गुण लागतात आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. बी.एड. झालेल्यांनी पाचवीपर्यंतच्या जागेची आशा ठेवू नये, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते स्पष्ट केले आहे.

टेट २०० गुणांची असते, वेळ दोन तास. त्यात पास-नापास नाही, जितके गुण जास्त तितका नंबर वर. म्हणून 'पास तर होईन' या हिशोबाने अभ्यास करू नये. त्यानंतर पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरायचे, आपले माध्यम, विषय व प्रवर्ग यांना जुळणाऱ्या जागा पाहून प्राधान्यक्रम द्यायचे आणि ते लॉक करायचे. लॉक करायचे विसरलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

आपल्या मुलांचे घोडे बहुतेक वेळा कागदात अडते. दाखल्यावर 'शे.', आधारवर 'शेख', सनदेवर 'मो.', मार्कशीटवर 'मोहम्मद'. निकाहनंतर मुलीचे नाव बदलले, पण राजपत्रात नोंद नाही. ही दुरुस्ती जाहिरात येण्यापूर्वी करून घ्या. आपली बिरादरी ओबीसीत असेल तर जातप्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, खुल्या प्रवर्गात असाल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस. यासाठी तहसीलच्या चकरा लागतात, शेवटच्या आठवड्यात ते जमत नाही.

थेट संपर्काचा रस्ता

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून मार्च ते मे हा फिरण्याचा काळ. अमरावती, अचलपूर, अकोला, बाळापूर इथल्या संस्थांची यादी करा, मराठी आणि उर्दू दोन्ही पेपरांतल्या जाहिराती पाहा. मुख्याध्यापकांना आधी फोन करा, मग एक पानाचा अर्ज आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स घेऊन जा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. "एक पाठ घेऊन दाखवू का?" असे स्वतःहून विचारा. पाठ चांगला झाला तर तेच सर्वांत मोठे शिफारसपत्र. मुलीसोबत वडील-भाऊ गेले तर हरकत नाही, पण आत बोलू तिलाच द्या. वर्गात उभे तिलाच राहायचे आहे.

आणि नोकरी स्वीकारण्यापूर्वी चार गोष्टी अदबीने विचारा. संस्थेला अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र आहे का? हे पद संचमान्यतेत मंजूर आहे का? जाहिरात रीतसर दिली होती का? शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी कधीपर्यंत मिळेल? मान्यता नसेल तर सरकारी पगार सुरू होत नाही. 'पुढच्या वर्षी होईल' या एका वाक्यावर वर्षानुवर्षे फुकट शिकवणारे लोक आपल्यात आहेत.

टीईटीचे काय? १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, सेवेची पाच वर्षांहून जास्त वर्षे बाकी असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाने ठरवावा म्हणून तो सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्यामुळे तिथली नोकरी डोळ्यांसमोर असली तरी टीईटी करून ठेवा. निकाल काहीही लागो, पास झालेल्याचे नुकसान नाही.

पैसे हा तिसरा रस्ता नव्हे

२०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचे उघड झाले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. एप्रिल २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण बाहेर आले, अधिकारी आणि मुख्याध्यापक अटकेत गेले. म्हणजे पैसे देऊन घेतलेली नोकरी पक्की नसते, ती कधीही उघडी पडू शकते. रिश्वत देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतोच.

हिशोबही करून पाहा. जानेवारी २०२३ पासून शिक्षणसेवकाला प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये महिना मिळतात, तेही तीन वर्षे. कर्ज काढून लाखो रुपये दिले तर ही तीन वर्षे व्याज फेडण्यातच जातील.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले: आधी संस्थेचा अल्पसंख्याक दर्जा आणि पदाची मंजुरी कागदावर पाहा. कागद दाखवत नसतील तर उठून या. कागद खरे असतील तर मुलीला पाठ घेऊ द्या, रक्कम देऊ नका. आणि टेटचा अभ्यास कोणत्याही परिस्थितीत सोडू देऊ नका. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे पैसे कलमांतच राहू द्यायचे." आम्ही म्हटले, हो, तिथे निदान झाड तरी उगवेल.