परदेशांतील संसार आणि सेंद्रिय अन्न



आपल्या सोलापुरांत आज अशीं पुष्कळ घरें आहेत कीं, ज्यांचा एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशीं संसार थाटून आहे. रविवारीं दूरध्वनीवर कुशल विचारून झालें, कीं बोलणें स्वयंपाकघराकडे वळतें. जर्मनींत राहणारी एखादी लेक विचारते, "आई, येथें दुकानांत गाजरांच्या दोन राशी असतात. एक साधी, दुसरी सेंद्रिय. आणि दुसरीचें मोल जास्त. बाळ आतां वरचें खाऊं लागलें आहे. काय घेऊं ग?"

प्रश्न किरकोळ वाटतो. पण मुलाचें आरोग्य आणि महिन्याचा जमाखर्च या दोहोंची ओढाताण त्यांत आहे. म्हणून त्याचें उत्तर भीतीपोटीं देऊं नये, माहितीनें द्यावें.

या विचाराची कुळकथा आपल्याच देशाशीं निगडित आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथील संशोधनसंस्थेचे प्रमुख होते. काडीकचरा, शेण आणि माती यांपासून कंपोस्ट खत करण्याची पद्धति त्यांनीं तेथें सिद्ध केली. तिला 'इंदूर पद्धति' असेंच नांव पडलें. १९४० सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९४६ सालीं इंग्लंडांत 'सॉइल असोसिएशन' ही संस्था निघाली. पुढें या विचाराला कायद्याचें रूप आलें.

आतां जर्मनीचेंच उदाहरण घेऊं. तेथें सेंद्रिय मालाला 'बिओ' म्हणतात, आणि हा शब्द कोणी मनास येईल तसा वापरूं शकत नाहीं. युरोपीय संघांत वेष्टनांतील अशा मालावर हिरव्या चौकटींत ताऱ्यांनीं रेखाटलेलें पान असतें व शेजारीं तपासणी करणाऱ्या संस्थेचा संकेतांक असतो. त्याचा अर्थ असा कीं, धान्यभाजीची जमीन पेरणीपूर्वीं निदान २ वर्षें या नियमांखालीं होती. कृत्रिम नत्रखत व कृत्रिम कीटकनाशकें तिला दिलीं नाहींत. तयार पदार्थ असेल, तर त्यांतील शेतमालाचा किमान ९५ टक्के भाग सेंद्रिय असावा लागतो. अमेरिकेंत जमिनीची ही मुदत ३ वर्षांची आहे. 'नैसर्गिक', 'गांवाकडचें' अशा गोड शब्दांमागें मात्र असें बंधन नसतें.

चिन्ह काय सांगत नाहीं, तेंहि ध्यानांत ठेवावें. सेंद्रिय शेतींत फवारणी मुळींच होत नाहीं असें नाहीं. तांब्याचे क्षार वगैरे कांहीं द्रव्यांना मुभा आहे. अशा मालांत कीटकनाशकांचे अवशेष सामान्यतः कमी आढळतात. पण त्यांत पोषण अधिक असतें कीं काय, याविषयीं अभ्यासकांचें एकमत नाहीं. साध्या मालालाहि अवशेषांची कायदेशीर मर्यादा असते. विशेष म्हणजे, युरोपांत तान्ह्या मुलांचें म्हणून विकलें जाणारें तयार अन्न सेंद्रिय असो वा नसो, त्यांत कोणत्याहि कीटकनाशकाचा अवशेष किलोमागें सामान्यतः ०.०१ मिलिग्रॅमपेक्षां अधिक चालत नाहीं. तेव्हां आईनें घाबरून जाण्याचें कारण नाहीं.

मग किंमत जास्त कां? संक्रमणाच्या वर्षांत शेतकऱ्याचें उत्पन्न बहुधा घटतें, पण माल सेंद्रिय म्हणून विकतां येत नाहीं. तणनाशक वर्ज्य, म्हणून खुरपणीची मजुरी वाढते. तपासणीची फी असते आणि थोडा माल वेगळा साठवून वेगळा न्यावा लागतो. ग्राहकाचे जादा पैसे या सर्वांसाठीं जातात.

हा खर्च बेतांत बसविण्याच्या वाटा आहेत. आल्डी, लिडल यांसारख्या स्वस्त दुकानांतहि त्यांच्या स्वतःच्या छापाचा बिओ माल मिळतो. त्याला नियम तेच लागू असतात. ज्या वस्तु घरांत रोज व भरपूर लागतात, त्यांपासून आरंभ करावा. सालीसकट खाण्याचीं फळें व पालेभाज्या आधीं; कांदा, केळें यांसारख्या जाड वा काढून टाकण्याच्या सालीच्या वस्तु साध्या घेतल्या तरी चालेल. लिंबाची साल किसून वापरायची असेल, तर मात्र लिंबू सेंद्रियच घ्यावें. हंगामाची भाजी पाहावी. कांहीं ठिकाणीं अनेक कुटुंबें एका शेतकऱ्याला वर्षाचा खर्च वांटून देतात आणि आठवड्याला भाजीचा वांटा नेतात; अशी मंडळी जवळपास असल्यास चौकशी करावी. कोथिंबीर व मेथी तर खिडकींतल्या कुंडींतहि उगवते.

येथून डबा पाठविणाऱ्या आईबापांनाहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन लाभलें. पण डिसेंबर २०१९ पासून युरोपांत ताजें डाळिंब सामानांतून नेण्यासहि वनस्पति-आरोग्याचा दाखला लागतो. तूप, खवा वगैरे दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेतां येत नाहींत. आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी प्रवासाला सोयीची. मात्र 'घरचें' म्हणजे 'सेंद्रिय' असें समजूं नये. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांतील मालदांडी ज्वारी जमिनींत मुरलेल्या ओलीवर पिकते हें खरें. तरी तिला कोणतें खत दिलें, साठवतांना कोणती पूड घातली, हें शेतकऱ्याला विचारल्यावांचून कळत नाहीं. परदेशांतील पान जी चौकशी आपल्या वतीनें करतें, ती येथें आपण स्वतः करावी.

तेव्हां लेकीला आईनें एवढेंच सांगावें : गाजर बाळ रोज खाणार असेल आणि चार पैसे जास्त पडत असतील, तर पान पाहून घे. महिना ओढीचा असेल, तर साधें गाजर चांगलें धुऊन, सोलून, शिजवून दे. पण महागाईच्या धाकानें बाळाच्या ताटांतली भाजी कमी करूं नकोस.