अंथरुणांतील अदृश्य शेजारी

मृग नक्षत्र लागून पहिल्या सरी कोसळल्या, कीं ओल्या मातींतून मखमली लाल रंगाचा इवलासा मृगाचा किडा बाहेर पडतो. संस्कृतांत त्यास इंद्रगोप म्हणतात. तो खरें पाहतां किडा नव्हे. आठ पायांच्या कोळ्यांच्या कुळांतील तो आहे. याच कुळांतील दुसरा एक लाल ठिपक्याएवढा प्राणी युरोप-अमेरिकेंत वसंत ऋतूंत गवतांतून घरांत शिरतो व तेथील गृहिणींस त्रस्त करतो. पण तो चावत नाहीं, रोग पसरवीत नाहीं. चिरडला तर भिंतीवर तांबडा डाग मात्र पडतो. हे दोघेही डोळ्यांस दिसतात आणि निरुपद्रवी आहेत. त्यांचा तिसरा भाऊबंद नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं, आणि ठाणें, कल्याण, डोंबिवलीकडील बिऱ्हाडांत खरा उपद्रव त्याचाच. त्याजविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

हा धुळींतला कोळी. त्याची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नसते. आपल्या अंगावरून नित्य गळणारे कातडीचे सूक्ष्म कण हें त्याचें अन्न. म्हणून गादी, उशी व गोधडी हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. तोही चावत नाहीं. परंतु त्याची विष्ठा व मृत शरीराचे कण श्वासावाटे आंत गेले म्हणजे प्रकृतीनें संवेदनशील अशा माणसास सकाळीं शिंकांची सरबत्ती, नाक वाहणें, डोळ्यांची खाज व पुष्कळदां दमा यांचा त्रास होतो. घरांतील धूळ व दमा यांमधला हा दुवा 1964 मध्यें हॉलंडांतील लायडेन येथील व्होरहॉर्स्ट व त्यांचे सहकारी यांनीं उजेडांत आणला.

येथें आमच्या वाचकभगिनी म्हणतील, "आमचें घर तर आरशासारखें स्वच्छ असतें!" तें असेलही. पण या प्राण्यास घाण लागत नाहीं, ओल लागते. तो पाणी पीत नाहीं; हवेंतील बाष्प शोषून जगतो. हवेंतील आर्द्रता सतत शेकडा 50 च्या खालीं राहिली तर तो वाळून मरतो. उलट उल्हास नदी व खाडी यांच्या कुशींत वसलेल्या आमच्या या गांवांत पावसाळ्याच्या ऐन भरांत आर्द्रता शेकडा 80 च्याही वर असते. अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्यास अशा हवेंत सुमारें एक महिना पुरतो. सोवळ्याचें वस्त्र आपण रोज धुतों. पण ज्या गादीवर आयुष्याचा तिसरा हिस्सा जातो, तिला वर्षवर्ष ऊन दिसत नाहीं, हा विचार करण्याजोगा विरोध आहे.

पूर्वींच्या घरांस अंगण होतें. आश्विनांत कडक ऊन पडलें, कीं सगळें अंथरूण-पांघरूण बाहेर निघे. आतां गॅलऱ्या बंद झाल्या, ओले कपडे निजण्याच्या खोलींतच पंख्याखालीं वाळूं लागले, आणि ओलीस कायमचा आश्रय मिळाला.

उपाय खर्चाचे नाहींत. चादरी व अभ्रे दर आठवड्यास सुमारें 60 अंशांच्या कढत पाण्यांत धुवावे. थंड पाण्यानें त्रासदायक कण पुष्कळसे निघून जातात, परंतु जिवंत कोळी बव्हंशीं टिकून राहतात. पाऊस उघडला कीं गाद्या प्रखर उन्हांत दोन्ही बाजूंनीं चांगल्या तापवाव्या व मग झोडाव्या. हें काम दम्याच्या रोग्यानें करूं नये, व करणारानें नाकास फडकें बांधावें. केरसुणीनें धूळ उडविण्यापेक्षां ओल्या फडक्यानें पुसणें बरें. गादी-उशीस घट्ट विणीची खोळ घालावी, पलंग ओलसर भिंतीपासून दूर सरकवावा, व निजण्याच्या खोलींत कपडे वाळत घालूं नयेत.

विषारी फवाऱ्याच्या मागें मात्र लागूं नये. गादींत मुरलेलें औषध रात्रभर मुलाच्याच नाकाशीं राहतें. शिवाय एकट्या फवाऱ्यानें किंवा एकट्या खोळीनें दमा हटतो असें शास्त्रीय तपासण्यांत सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून स्वच्छतेच्या भरांत वैद्यकीय उपचार सोडणें ही घोडचूक होय.

आणि येथेंच आम्हांस एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे. मुलीचा दमा पुढें लग्नाच्या बोलण्यांत आड येईल या भीतीनें कित्येक सुशिक्षित घरें तो 'साधा खोकला' म्हणून लपवितात, आणि "पंपाची सवय लागते" म्हणून तो कपाटांत दडवितात. वस्तुतः पंपांतील औषध अत्यल्प मात्रेंत थेट श्वासनलिकेंत पोहोंचतें. गोळीची मात्रा त्याहून कितीतरी मोठी असते. दमा स्पर्शानें लागत नाहीं, त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. उपचार टाळल्यास मात्र तो प्राणावर बेतूं शकतो. कोळ्यास ओल आवडते, तशी दुखण्यास लपवाछपवी.

पुष्कळ गृहसंस्थांच्या गच्च्यांस बारमाही कुलुपें असतात. येत्या आश्विनांत निदान रविवारीं तरी तीं उघडावीं, पाळीपाळीनें साऱ्या बिऱ्हाडांच्या गाद्यांस ऊन दाखवावें. सूर्यनारायण त्याचें मोल मागत नाहीं. आपण फक्त त्याची वाट मोकळी करावयाची आहे.