बंद म्हणजे निर्धोक नव्हे : सौरपंपाच्या पेटीची निगा

सन २०१९ सालीं केंद्र सरकारची 'कुसुम' योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ विहिरींवर सौरपंप बसले आहेत. रात्रीं पाणी देण्याचा जाच चुकला, ही गोष्ट खरी; परंतु पंपाशेजारील कंट्रोलरच्या पेटीची निगा कशी राखावी, याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत प्रस्तुत लेखकाच्या पुतण्यानें बटण दाबून पंप बंद केला आणि आंत शिरलेल्या मुंग्या काढण्याकरितां लागलीच पेटी उघडली. पाना आंत टेकतांच मोठा आवाज होऊन त्याचें टोंक वितळलें. हात वांचला, तो केवळ दैवानें.

याचें कारण असें. पंप थांबला तरी ऊन आहे तोंवर पॅनेल वीज देतच असतें. एका पॅनेलचा दाब ४० व्होल्ट धरल्यास १२ पॅनेलांच्या माळेचा दाब ४८० व्होल्ट होतो. घरांतील दिव्याची वीज २३० व्होल्टांची असते. शिवाय पेटींतील कपॅसिटर हे वीज सांठविणारे हौदच होत. पुरवठा तोडल्यावरही ते रिते होण्यास कांहीं मिनिटें लागतात.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. घरगुती वीज सेकंदास १०० वेळां शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी लवकर विझते. पॅनेलची वीज एकाच दिशेनें वाहते. चालू पंपाची जोडणी ओढून सोडविल्यास ज्वाळ धरून राहते.

यास्तव क्रम असा ठेवावा. प्रथम बटणानें पंप थांबवावा. नंतर डी. सी. स्विच बंद करावा. पेटीवर छापलेला अवधि पुरा होऊं द्यावा. मग जाणत्या कारागिरानें, आधीं चालू विजेवर पडताळलेलें मीटर लावून, दाब उरला नाहीं अशी खात्री करावी. पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या तारा मात्र दिवसा जिवंतच समजाव्या.

दप्तरांतील नोंद कितीही स्वच्छ असली तरी स्थळपाहणीवांचून ती खरी मानूं नये, हें आम्ही महसुलाच्या नोकरींत शिकलों. येथें स्विच ही नोंद, आणि मीटर ही स्थळपाहणी.

पेटी बाहेरून कोरड्या फडक्यानें पुसणें, ऊन चढण्यापूर्वीं पॅनेल धुणें, अर्थिंगची तार शाबूत आहे कीं नाहीं हें पाहणें, आणि उंदरांनीं कुरतडलेली तार दिसल्यास तिला हात न लावतां कळविणें, एवढें शेतकऱ्याचें काम. योजनेंतील पंपाच्या देखभालीची जबाबदारी ५ वर्षें पुरवठादाराची असते. ती सोय असतां पेटींत हात घालण्याची घाई कोणीं करूं नये, अशी शेतकरी बंधूंस विनंती आहे.