ऑपरेशननंतर पोटात धरणारे नको असलेले कलम



टाके निघाले, वरची जखम सुकली की आपण मोकळे झालो असे समजतो. पण पोटाच्या आतही जखम असते आणि ती आपल्याला दिसत नाही.

आतडी, गर्भाशय व पोटाची आतली भिंत यांवर एक पातळ, ओलसर पडदा असतो. त्यामुळे आतडी एकमेकांवरून सहज सरकतात. ऑपरेशनमध्ये हा पडदा खरचटला की त्यातून चिकट द्रव पाझरतो. शरीराने तो वेळेवर विरघळवला तर ठीक, नाही तर शेजारचे दोन भाग चिकटतात व आठवडाभरात तेथे व्रणाची दोरी तयार होऊ लागते. आंब्याचे भेटकलम करताना आपण दोन्ही फांद्यांची साल सोलून त्या एकमेकींना बांधतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे कलम नको असते!

सोललेल्या फांद्यांमध्ये कागद घातला तर कलम धरेल का? हीच युक्ती डॉक्टरांनी उचलली. पोट शिवण्याआधी खरचटलेल्या जागी पातळ पापुद्रा किंवा जेलीसारखा लेप ठेवतात. पडदा भरून येईतो, म्हणजे साधारण आठवडाभर, तो आड उभा राहतो आणि मग शरीरातच विरघळतो. काढण्यासाठी पुन्हा पोट उघडावे लागत नाही.

हा लेप कशाचा, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1996 साली मान्य केलेल्या एका पापुद्र्यात दोन पदार्थ आहेत. एक आपल्या सांध्यांतल्या वंगणात असतोच. दुसरा सेल्युलोजपासून करतात, आणि राजुरा-कोरपन्याचा कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोजच. मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून केलेले एक द्रावणही याच कामी पोटात सोडतात. उलट, डॉक्टरांचे हातमोजे सहज चढावेत म्हणून त्यांवर स्टार्चचीच भुकटी लावत, आणि ती पोटात सांडून आतडी चिकटत. अमेरिकेने 2017 साली असल्या मोज्यांवर बंदी घातली.

मात्र हा लेप महाग आहे, प्रत्येक ऑपरेशनला लागत नाही आणि लावला म्हणजे चिकटणार नाहीच, अशी हमीही नाही. तो ऑपरेशनच्या वेळीच लावायचा असतो. नंतर डिंकाचे लाडू खाऊन ते काम होत नाही.

पोटाच्या ऑपरेशननंतर थोडेफार चिकटणे बहुतेकांत होते व पुष्कळांना त्याचा त्रास होत नाही. पण सिझेरियन, कुटुंबनियोजन किंवा अपेंडिक्सचे ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पोटात, वर्षांनंतरही, रहाटासारखी कळ येऊ लागली, उलट्या झाल्या, पोट फुगले, शौच व वारा दोन्ही बंद झाले, तर आतडे अडकले असे समजा. पोट चोळू नका. एरंडेल किंवा जुलाब देऊ नका. अन्न-पाणी थांबवा आणि 108 ला फोन करा. पीळ पडलेले आतडे काही तासांत मरू शकते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, म्हणून पावसाळ्यात तर "सकाळी बघू" म्हणू नका.

डॉक्टरांना जुने ऑपरेशन आठवणीने सांगा. दवाखान्यातून सुटी देताना मिळालेला कागद सातबारा ठेवता त्याच पेटीत ठेवा.