दादरहून शीवला, व्हाया पुणे

बाहेरून पाहिलं तर आपण कसे अगदी मापात बसवलेले! दोन डोळे, दोन कान, दोन हात, मधोमध नाक. आता कातडीच्या आत शिरा. उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोनच. यकृत उजवीकडे, प्लीहा डावीकडे, हृदय डावीकडे कललेलं. या डाव्या-उजव्याचे आकडे मांडायला बसलं की डोकं गरगरतं. चला, मांडूच!

आधी हृदय. मिनिटाला ७० ठोके, म्हणजे दिवसाला एक लाखावर. मिनिटाला ५ लिटर रक्त, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. आणि ७० वर्षांत? १८ कोटी लिटरच्या वर! सहा मीटर व्यासाची विहीर घ्या, तिच्यात दहा मीटर पाणी भरा. अशा ६५० विहिरी! पण खरी कमाल पुढेच आहे. हृदयाची उजवी बाजू या ६५० विहिरी उपसते ती शेजारच्या फुप्फुसांपर्यंत. डावी बाजूही तेवढ्याच उपसते, पण टाळूपासून टाचेपर्यंत, जवळजवळ पाचपट दाबाने. म्हणून तिची भिंत उजवीच्या सुमारे तिप्पट जाड. काम एकाच मापाचं, मेहनत कुठच्या कुठे!

आता जिराफ. त्याच्या मेंदूपासून स्वरयंत्र काही सेंटिमीटरवर, पाच धरू. तिथे जाणारी डावी नस मात्र सरळ जातच नाही. ती अख्खी मान उतरते, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा अख्खी मान चढते. लांबी सुमारे ४.६ मीटर! नव्वदपटीहून जास्त. दादरहून शीवला जायचंय, अंतर चारेक किलोमीटर, आणि तुम्ही पुणे स्टेशनला जाऊन परत येताय. हिशेब जवळपास तोच. उजवी नस थोडी आधी वळते. डावीच्याच नशिबी पूर्ण फेरा. आपल्या मानेतही हाच प्रकार आहे, फक्त आखूड.

मुंबईच्या खाडीवर ओहोटीला चिखल उघडा पडला की फिडलर खेकडे बिळातून बाहेर येतात. नराची एक नांगी काडीसारखी, तिनेच तो चिखल उचलून तोंडात घालतो. दुसरी मात्र काही जातींत जवळजवळ निम्म्या वजनाची! साठ किलोच्या माणसाने एका हाताला भरलेला गॅस सिलिंडर बांधून तो दिवसभर हलवत माद्यांना खुणावण्यासारखं आहे हे. आणि तो खरंच हलवतो, वर-खाली, न थकता. मादीच्या दोन्ही नांग्या मात्र सारख्याच चिमुकल्या.

उत्तर ध्रुवाकडचा नारव्हेल हा देवमासा तर डाव्या बाजूचा एकच दात वाढवत नेतो, थेट वरचा ओठ फोडून, तीन मीटरपर्यंत!

आणि शंख? देवघरातल्या शंखाचे वेढे ठरलेल्या एकाच दिशेने फिरतात. उलट्या वेढ्यांचा, आपण दक्षिणावर्ती म्हणतो तो, लाखांत एखादा. लाख शंख म्हणजे किती? प्रत्येकी १५ सेंटिमीटर धरून सीएसएमटीपासून रुळाच्या कडेने एकाला एक लावत निघा. मशीद, भायखळा, दादर, शीव मागे टाकत थेट कुर्ल्याला पोहोचाल. एवढ्या रांगेत तो एक!

पण हे डावं-उजवं ठरवतं कोण? इथे आकडे उलटे, खाली धावतात आणि छाती आणखीच दडपते. उंदराच्या गर्भात एका खळग्यात दोनेकशे सूक्ष्म केस असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ५ मायक्रॉन. सगळे टोकाला टोक लावून मांडले तरी जेमतेम एक मिलिमीटर! ते मिनिटाला सुमारे ६०० वेळा गरगरतात, घरातल्या पंख्याच्या दीडपट तरी, आणि भोवतालचा द्रव डावीकडे लोटतात. टोकियोच्या नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने १९९८ मध्ये हा प्रवाह दाखवला. केस बंद पडले की सगळा छापा-काटा: निम्म्या पिल्लांचं हृदय भलत्या बाजूला.

माणसांतही दहा हजारांत सुमारे एकाचे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा. म्हणजे असे ११ हजार लोक, गर्दीच्या वेळच्या दोन खच्चून भरलेल्या लोकल! बहुतेक ठणठणीत, कित्येकांना एक्स-रे निघेपर्यंत पत्ताही नसतो. त्यांचं अपेंडिक्स डावीकडे असतं. तुमचा रिपोर्ट तसा असेल तर पोटात दुखल्यावर डॉक्टरांना तो सगळ्यात आधी दाखवा.